आधी मॅटवर

बापू कोणतीही गोष्ट पहिल्यांदा करत नसत. करायची वेळ येईपर्यंत त्यांची ती निदान एकदा तरी करून झालेली असे. पिझ्झा मागवायचा असला तर फोन उचलण्याआधी ते बाथरूममध्ये जाऊन सगळी ऑर्डर मोठ्याने म्हणून बघत. सासूबाई पहिल्यांदा अमेरिकेत येणार होत्या, तेव्हा आदल्या रविवारी ते रिकामी गाडी घेऊन विमानतळावर गेले, पार्किंगमध्ये गाडी लावली, ज्या दारातून त्या बाहेर येणार त्या दारासमोर थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले. आता काही घोटाळा होणार नाही, असं त्यांनी घरी सांगितलं. झालाही नाही. फक्त सासूबाई समोर आल्यावर त्यांनी स्वागताची वाक्यं इतकी पाठ म्हटल्यासारखी म्हटली, की त्या माउली म्हणाल्या, "भाषण झालं असेल तर मला जरा पाणी द्या."

तिथल्या मॉरिसव्हिल गावात आम्ही एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहत होतो आणि एकाच टेलिकॉम कंपनीत कामाला होतो. ते तिसऱ्या मजल्यावर बसत, मी पहिल्या. मी पुण्याहून शिकायला आलेला आणि मग इथेच नोकरीला लागलेला, एकटा, फारसा कुणात न मिसळणारा. ते कुडाळजवळच्या एका गावातले, चाळिशीला आलेले, बायको आणि दुसरीतली मुलगी घेऊन राहणारे. माझी जुनी गाडी महिन्यातून एकदा तरी बंद पडायची, तेव्हा ते मला राइड देत. त्या राइडमधून ओळख वाढली, आणि रविवारचं जेवण वहिनींकडे ठरून गेलं.

तो २००२ चा काळ होता. आमच्या धंद्यातल्या कंपन्या एकामागून एक माणसं कमी करत होत्या. ऑफिसच्या दाराशी आपलं कार्ड दाखवलं की एक बारीक हिरवा दिवा लागे आणि दार उघडे. ज्याला काढलं त्याच्या कार्डाला दिवा लागत नाही, अशी बोलवा होती. खरं-खोटं कुणालाच ठाऊक नव्हतं, पण सकाळी दाराशी चार माणसं जमली की सगळी गप्प होत. बापू कार्ड टेकवताना डोळे मिटत. दाराचा टक् असा आवाज झाला की उघडत आणि हळूच म्हणत, "चला, आजचा दिवस आपला."

नोकरी गेली की व्हिसा गेला, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. माझ्यासारख्याला दोन बॅगा भरून निघता आलं असतं. बापूंच्या ग्रीन कार्डाची फाइल दोन वर्षं कुठल्या तरी टेबलावर पडून होती, आणि नोकरीबरोबर तीही गेली असती. त्यांची मुग्धा रागावली की तेवढी मराठीत बोलायची, एरवी इंग्लिश. तिला उचलून कुडाळच्या शाळेत कसं बसवायचं, हा विचार त्यांना गाडी चालवताना मधेच येई. मग ते सिग्नल हिरवा होऊनही थांबून राहत आणि मागच्याला हॉर्न द्यावा लागे.

गोल्फ आला तो या भीतीच्या पोटातून. दर ऑक्टोबरमध्ये आमचे डायरेक्टर सगळ्या डिपार्टमेंटला गोल्फ खेळायला नेत. ज्याचा चेहरा डायरेक्टरच्या ओळखीचा, त्याच्यावर सहजासहजी कुऱ्हाड पडत नाही, असं आमच्या देशी मंडळींच्या लंचच्या टेबलावर ठरलेलं होतं. बापूंना पुढच्या ऑक्टोबरला जायचं होतं. आणि न शिकता जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

हायवेला लागून एक ड्रायव्हिंग रेंज होती. गोल्फचा नुसता सराव करायची जागा. एका रांगेत हिरव्या प्लॅस्टिकच्या जाड मॅट घातलेल्या, दारातल्या पायपुसण्यासारख्या. त्यावर उभं राहायचं, चेंडूंची बादली शेजारी ठेवायची आणि समोरच्या मोकळ्या मैदानात एकेक चेंडू टोलवायचा. बापू ऑफिसातून थेट तिथे जात. इस्त्रीचा शर्ट, ऑफिसची पँट, गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच. मी शेजारच्या बाकावर पुस्तक घेऊन बसे. महिन्या-दोन महिन्यांत त्यांचा हात बसला. काठी फिरे, मॅटवर थप्प असा भरीव आवाज होई आणि चेंडू लांब जाऊन पडे. तो आवाज ऐकला की त्यांच्या कपाळावरची आठी थोडी सैल होत असे. घरीही मग तोच शब्द रुळला. मुग्धाच्या शाळेत टीचरला भेटायचं असो की बॉसकडे सुट्टी मागायची असो, बापू म्हणत, "आधी मॅटवर." म्हणजे मी बॉस व्हायचं, आणि त्यांनी माझ्याकडे सुट्टी मागायची. मी एकदा गंमत म्हणून सुट्टी नाकारली. ते खरोखरच इतके घाबरले, की पुन्हा मी कधी नाकारली नाही.

वहिनींना हे सगळं ठाऊक होतं. त्यांच्या घरी टीव्हीचं, मिक्सरचं, कम्प्यूटरचं प्रत्येक खोकं कपाटावर जपून ठेवलेलं होतं, परत जायची वेळ आली तर लागेल म्हणून. भिंतीला एक खिळा नव्हता. तसबिरी जमिनीवर भिंतीला टेकवून उभ्या. वाढता वाढता वहिनी एकदा म्हणाल्या, "आमचा अख्खा संसारच मॅटवर चाललाय, भावजी. खराखुरा कधी सुरू होणार ते यांना विचारा." बापू हसले. मग त्यांनी आमटी वाढून घेतली.

मी लायब्ररीतून गोल्फवरचं एक पुस्तक आणलं होतं. खेळायचं नव्हतं मला, पण कोणतीही गोष्ट मला पुस्तकातूनच कळते. त्यात लिहिलं होतं की मॅट चुका झाकते. काठी चेंडूच्या चार बोटं मागे आपटली, तरी ती प्लॅस्टिकवरून घसरत पुढे येते आणि चेंडू उडवते. खेळणाऱ्याला वाटतं, जमलं. गवतावर तीच काठी मातीत रुतते. मी ते पान बापूंना वाचून दाखवलं. रेंजच्या टोकाला दोरी बांधलेली खऱ्या गवताची एक पट्टी होती. तिथेही सराव करता येत असे. मी म्हटलं, आजपासून तिकडे जाऊ या.

बापूंनी त्या दोरीकडे पाहिलं आणि नवा चेंडू मॅटवर ठेवला.

"मला माहीत आहे रे ते. पण सध्या कुणीतरी माझ्या चुका झाकतंय, तर झाकू दे की."

तो सबंध उन्हाळा ते गवताच्या पट्टीकडे फिरकले नाहीत. उद्या जाऊ, पुढच्या आठवड्यात जाऊ, असं चाललं. गवतावर एकदा चुकलं असतं तर मॅटवरच्या आवाजावरचा त्यांचा विश्वास उडाला असता, आणि त्या दिवसांत त्यांच्याकडे विश्वास ठेवायला दुसरं फारसं काही नव्हतं. मी आग्रह धरला नाही.

ऑक्टोबर आला. मला खेळता येत नसल्यामुळे पाण्याच्या बाटल्या वाटायची गाडी माझ्याकडे दिली होती. बापूंची नेमणूक नेमकी डायरेक्टरच्याच गटात झाली. चौघांनी चेंडू मारायचा, ज्याचा सगळ्यात चांगला पडेल त्या जागेवरून पुन्हा चौघांनी मारायचा, असा तो खेळ. पहिला चेंडू लाकडी खुंटीवर ठेवून मारतात, तिथे गवताचा प्रश्न नसतो. बापूंचा चेंडू सरळ, सुरेख, सगळ्यांच्या पुढे गेला. डायरेक्टरनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. बापूंनी लांबून माझ्याकडे पाहिलं. इतका निर्धास्त चेहरा मी त्यांचा त्याआधी पाहिला नव्हता.

दुसरा चेंडू गवतातून मारायचा होता. जागा त्यांच्याच चेंडूची, म्हणून पहिला मान त्यांचा. काठी फिरली आणि थप्प झालंच नाही. चेंडूच्या मागे जमिनीत ती रुतली, वीतभर मातीचा लपका गवतासकट उडाला, आणि चेंडू दोन पावलं घरंगळून थांबला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. डायरेक्टर काही तरी समजुतीचं बोलले आणि पुढचा माणूस पुढे झाला.

बापू तिथून हलले नाहीत. त्यांनी काठी खाली ठेवली, तो लपका उचलून आणला, गुडघे टेकले आणि खड्ड्यात तो नीट बसवून दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी कडेने दाबू लागले, भातलावणीला रोप दाबतात तसे. असू दे, इथे त्यासाठी वाळू ठेवलेली असते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. मी बाटली घेऊन जवळ गेलो. त्यांच्या नखांत लालभडक माती होती.

"ही बघ," ते मला म्हणाले. "चार वर्षं इथे राहतोय, आणि खाली काय आहे ते आज कळलं."

त्या दिवशी त्यांचा गवतावरचा एकही चेंडू धड गेला नाही. परतताना गाडीत ते फक्त एवढंच विचारत होते, की डायरेक्टर नंतर जेवताना आपल्या टेबलाशी आले नाहीत, त्याचा काही अर्थ असेल का. मी नाही म्हणालो. थोड्या वेळाने त्यांनी तेच पुन्हा विचारलं. ऑफिसच्या दाराशी त्यांचे डोळे आता जास्त वेळ मिटलेले असत.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधी, तिसरा मजला बंद झाला. कार्डाचा दिवा वगैरे काही झालं नाही. सगळ्यांना एका खोलीत बोलावून सांगितलं. डायरेक्टरनाही त्याच खोलीत सांगितलं. बापूंनी मला खाली बोलावून घेतलं, आणि पार्किंगमध्ये हातातलं खोकं गाडीच्या मागच्या सीटवर ठेवत म्हणाले, "त्यांना तर गवतावरही मारता येत होतं रे."

पहिला मजला वाचला होता. मी गाडीत त्यांच्या शेजारी बसलो. घरापाशी पोचल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं, पण उतरले नाहीत. मला म्हणाले, तू वहिनी हो. मी तुला सांगतो. आधी मॅटवर करू आणि मग वर जाऊ. मी वहिनी झालो. त्यांनी सुरुवात केली, मधेच थांबले, पुन्हा सुरुवात केली. बातमी चांगली नाही पण घाबरायचं कारण नाही, असं ते वाक्य होतं. त्यातलं 'घाबरायचं' म्हणताना त्यांचा आवाज दर वेळी फुटत होता.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. मुग्धाला स्कूल बसवरून घेऊन वहिनी परत येत होत्या. भर दुपारी आमची गाडी आणि मागच्या सीटवरचं ते खोकं त्यांनी पाहिलं होतं. बापूंनी काच खाली केली.

"गेली?" वहिनींनी विचारलं.

"हे बघ, बातमी चांगली नाही, पण..."

"अहो, माझ्याशी तरी मॅटवर नको. सरळ बोला."

बापू स्टीअरिंगवर डोकं टेकून रडले. वहिनींनी खिडकीतून हात घालून त्यांच्या मानेवर ठेवला. मुग्धा बॅग पाठीवर घेऊन शेजारी उभी होती. तिने मराठीत विचारलं, "बाबा, आपण कुठे जाणार?" ती रागावलेली नव्हती.

दुसरी नोकरी मिळाली नाही. त्या हिवाळ्यात कुणालाच मिळत नव्हती. टीव्ही, मिक्सर, कम्प्यूटर आपापल्या खोक्यांत परत गेले. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बापू मला रेंजवर घेऊन गेले. मॅटच्या रांगेवरून सरळ पुढे चालत जाऊन त्यांनी दोरी ओलांडली आणि बादली गवतावर ठेवली. एकामागून एक चेंडू मारले. बहुतेक फसले. पँटवर, शर्टवर लाल माती उडत होती. ते पुसत नव्हते. अंधार पडता पडता एक चेंडू असा गेला की आवाजच आला नाही, गवत कापल्याची नुसती हलकी चाहूल लागली, आणि तो वर चढत राहिला. बापू तो पडेपर्यंत बघत होते. मग काठी मला दिली. कुडाळला हिचं काय करू, म्हणाले.

ते गावीच राहिले. कॉलेजात शिकवू लागले. वहिनींनी भिंतीला खिळे ठोकले, हे त्यांनी मला मुद्दाम फोनवर कळवलं. आमचे फोन होत, पण बापू फोनही तयारी करूनच करत. हवा, तब्येत, मुग्धाचे मार्क, या क्रमाने. त्या क्रमाची मला सवय झाली होती. गेल्या पावसाळ्यात, २००८ च्या, एका सकाळी त्यांचा फोन आला आणि हवेचा विषय निघालाच नाही.

"हे मी मॅटवर केलेलं नाही," ते म्हणाले. "रिपोर्ट आत्ताच हातात आलाय. पोटाचा आहे, पसरलाय. तुझ्या वहिनीला सांगितलं, आणि आता तुला. भीती वाटतेय रे."

त्यांचा आवाज मात्र कुठेही फुटला नाही.

दिवाळीनंतर ते गेले. मुग्धाने ईमेल केली, मराठीत. आता वहिनींना फोन करायला हवा होता. मी सकाळपासून टेबलाशी बसून होतो. पहिलं वाक्य जुळवत होतो, मोडत होतो. चहा गार झाला. एक वाक्य बरं जमलं, ते मी दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं, आणि त्या रिकाम्या खोलीत माझाच आवाज ऐकून लाजलो. दाराच्या कोपऱ्यात ती काठी उभी होती. तिच्या टोकाच्या खाचांत माती सुकून बसली होती. मी ती कधी धुतली नव्हती.

मी नंबर फिरवला. वहिनींनी उचलला. मी जमवलेलं वाक्य गेलं, दुसरं आलं नाही. दोन्हीकडे नुसतं ऐकू येत होतं की कुणीतरी आहे.

"बोला भावजी," वहिनी म्हणाल्या. "चुकलं तरी चालेल."