बेरजेचा गुणाकार

मिरची भाजल्याचा ठसका लागला की भांडुपच्या टेकडीवरची आमची खोली आठवते. बाबांची नोकरी गेलेली, आई मसाल्याच्या गिरणीत कामाला, आणि माझ्या युनिफॉर्मलाही तोच वास. अकरावीत सरांनी फळ्यावर 'लॉग ८ + लॉग ५ − लॉग ४' लिहून मला उठवलं. मी म्हणाले, "बेरजेचा गुणाकार होतो, वजाबाकीचा भागाकार." वर्ग खिदळला. सर म्हणाले, "प्रॉडक्ट म्हण गं! मराठी मीडियम ना? अजून वेळ आहे, आर्ट्सला जा." मी सरळ जाऊन खडू उचलला. आठ पाचे चाळीस, भागिले चार, दहा. लॉग दहा म्हणजे एक. "भाषा बदलली म्हणून उत्तर बदलतं का, सर?" "बस खाली!" उत्तराखाली दोन रेघा ओढल्या, मगच बसले. सायन्स सोडलं नाही. आज मी गणितात बी.एस्सी. आहे, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट.