सुमतीकाकीच्या खोलीतला खजूर

दिवसभर हात चिकट आणि तोंडं मोकळी असली, की किस्से साठणारच! पेडण्यात आमची तिघींची लाडवांची खोली आहे. खजुराचे लाडू, रोल, चटणी असं काय काय करून आम्ही शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात विकतो. सुमतीकाकी मालकीण. सरितावैनी खजुरातल्या बिया काढते. मी बी.कॉम., म्हणून ऑर्डरी आणि लेबलं माझ्याकडे. दचकायचं कामही माझ्याकडेच. कुकरची शिट्टी झाली तरी माझ्या हातातला चमचा उडतो. काकी म्हणते, "ह्या चेडवाक घेतलंय तेव्हापासून दारावर घंटेची गरज नाय!"

तेव्हा वैनीला सातवा महिना लागला होता. याआधी दोनदा दिवस राहिले, आणि दोन्ही वेळा ती हॉस्पिटलातून रिकाम्या हातांनी घरी आली. त्यामुळे काकीचा सक्त हुकूम, बाळाचा विषय खोलीत काढायचा नाही. सगळ्यांच्या डोक्यात मात्र तोच!

*

तेरेखोलच्या वाटेवर एका हॉटेलात आम्ही माल द्यायला गेलो. गेटपाशी शोभेला लावलेली खजुराची झाडं, आणि त्यांना पिवळेधमक घोस! आम्ही आपला जन्मभर पाकिटातला काळा खजूर बघितलेला.

"पाऊस लागलो की कुसतत. न्हेया," वॉचमन म्हणाला. काकीने पिशवी भरली. मी पडलेली झावळी बाजूला करायला गेले, तर काटा असा घुसला की उडी मारून थेट वॉचमनच्या खुर्चीत!

आता फळ दिसलं की आमच्याकडे त्याचं सासव व्हायचंच. आंब्याचं होतं, अननसाचं होतं. काकीने खोबरं, मोहरी, गूळ घालून खजुराचं केलं. पहिल्याच घासाला माझी जीभ लाकूड झाली. कच्चा खजूर इतका तुरट असतो हे कोणाला ठाऊक? वैनी तोंड फिरवून हसायला लागली. काकीने शांतपणे बोट चाटलं.

"सासव बरां जालां," ती म्हणाली. "फळच वायट!"

*

म्हापशाच्या बाजारात एक आजोबा आले. "लाडवात साखर नाही ना?"

"नाही हो, नुसता खजूर," मी म्हटलं.

"मग सहा द्या. डॉक्टरांनी गोड बंद केलंय."

काकीने एक त्यांच्या हातावर ठेवला, पाच कागदात बांधून दिले. "हो तुमका. बाकीचे पाच डॉक्टराक व्हरा!"

*

एकदा खजूर कमी भरायला लागला. रोजच! मला झोप लागेना. चोर? उंदीर? शेवटी काकीच्या कानाशी लागले. काकीने नुसतं वैनीकडे बोट दाखवलं. वैनी एक बी वाटीत टाकत होती आणि खजूर गालात! खजूर उष्ण म्हणून सासूबाई घरी खाऊ देत नव्हत्या.

"ता कमी न्हय गो," काकी कुजबुजली. "योग्य जाग्यार गेलां."

*

आमच्याकडे बाळंतिणीच्या लाडवांची खारीक आधी आणून ठेवत नाहीत. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत असं कळलं, की मगच आणायची. मला कुठे माहीत! म्हापशाहून चांगली पिशवीभर आणली आणि वैनीसमोर ओट्यावर ठेवली. "वैनी, तुझ्या लाडवांची!"

वैनीचा चेहरा पांढराफटक. मला दरदरून घाम.

काकीने झडप घालून पिशवी उचलली. "ही गिऱ्हाइकाची! विकूक आणलेली!" असं गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, आणि दारातल्या खिळ्याला अडकवली. नंतर खरोखरची गिऱ्हाइकं आली, त्यांनी "खारीक होयी" म्हणून मागितली, तर प्रत्येकाला, "ऑर्डरची असा!"

मग एके पहाटे वैनीला हॉस्पिटलात नेलं. सकाळ गेली, दुपार गेली. फोन येईना, आणि आपण करायचं धाडस होईना. काकी एकच लाडू पुन्हा पुन्हा वळत होती.

संध्याकाळी दाराशी बाईक थांबली. वैनीचा नवरा, महेश. माझ्या हातातलं ताट खाली पडलं. काकी जागची हललीसुद्धा नाही.

हेल्मेटच्या आत तो काहीतरी पुटपुटला.

"आधी ता डोक्यावरचा काढ," काकी म्हणाली. "आणि मोठ्यान सांग."

त्याने हेल्मेट काढलं. डोळे लाल, केस घामाने चिकटलेले. उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला,

"काकी, खारीक होयी."