डिस्चार्ज म्हणजे काय

माझं लग्न इंग्रजीच्या एका शब्दावर अडलं होतं, अन् ते सोडवलं मार्तंड मास्तरांनी. निजामाचं राज होतं, रेणापूरच्या शाळेत मास्तर उर्दूतून भूगोल शिकवायचे. त्यांच्यापाशी इंग्रजीची एक जाडजूड डिक्शनरी होती. हात धुतल्याबिगर तिला शिवायचे न्हाईत.

नवरा ठरला होता शेषेराव, सिकंदराबादेला कारखान्यात नोकरीला. हळदीला पंधरा दिस राह्यले अन् त्याच्या दोस्ताची तार आली, ‘शेषेराव डिस्चार्ज्ड.’ टपालवाल्यानं ठोकून दिलं, नोकरीतून काढला. माझे वडील हणमंतराव, आमचे दादा, लई तापट. म्हणाले, “बिनकामाच्याला पोरगी देत न्हाई.” मला शेषेराव पसंत होता, पण आम्हाला विचारतंय कोण?

आईनं हट्टानं मास्तरांना बोलावलं. ते फडक्यात बांधलेली डिक्शनरी घेऊन आले. मी दाराआड उभी.

“हणमंतराव, ह्या शब्दाच्या मुळाशी गाडी हाय. चार्ज म्हणजे गाडीत ओझं भरायचं, डिस्चार्ज म्हणजे उतरवायचं. नोकरीतून काढला तरी हाच शब्द, कैदेतून सोडला तरी हाच, दवाखान्यातून घरी धाडला तरी हाच.”

“मग ह्यातलं कोणतं?”

“मला ठाऊक न्हाई. विचारून येतो.”

सारं गाव ज्याला शहाणा म्हणतं, त्यानं ‘ठाऊक न्हाई’ म्हणायला छाती लागते. टपालवाल्याला कुठली? मास्तर रजा टाकून खरंच सिकंदराबादेला गेले अन् पाचव्या दिवशी परतले.

“दवाखान्यातून सोडलाय,” ते म्हणाले. “मुदतीचा ताप होता. पत्र टाकलं होतं, ते तुम्हाला पोचलं न्हाई. आता ठणठणीत हाय.”

दादा हसले. माझाही जीव भांड्यात पडला. पण मास्तर पुढं बोललेच. “अन् महिनाभर गैरहजर म्हणून आता नोकरीही गेली. दोन्ही अर्थ खरे झाले.”

खरं सांगते, मला मास्तरांचा राग आला. अर्धंच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? दादांचा चेहरा उतरला, ते उठून निघाले. तवा मी दाराआडून पुढं आले, जन्मात पहिल्यांदा दादांसमोर तोंड उघडलं.

“दादा, ओझं उतरवलेली गाडीच पुन्हा भरता येती.”

दादा मास्तरांकडं वळले. “आमच्या साखराला हे तुम्ही पढवलं?”

मास्तरांनी डिक्शनरी फडक्यात बांधली. म्हणाले, “न्हाई. हा अर्थ पुस्तकात न्हाई.”

हळद ठरल्या दिवशीच लागली, अन् टपालवाल्यानं पोटभर बुंदी खाल्ली.