ओट्यावर सांगितलेला भाव

दिवाळीनंतर आमच्या अमरावतीच्या भाड्याच्या घरात पाहुण्याला बसायला खुर्ची मिळत नसे, कापूस मिळे. वडील वकील, पण मूळचे भातकुलीकडचे शेतकरी. घरचा कापूस तर ते ठेवतच, शिवाय गाठीचे पैसे घालून गावातला आणखी विकत घेत आणि भाव चढेपर्यंत बैठकीत आढ्यापर्यंत भरून ठेवत. पक्षकार त्यावरच टेकत. बिडी मात्र बाहेर विझवून यावं लागे. आम्ही पोरं रात्री त्यात लोळायचो आणि सकाळी अंग खाजवत उठायचो. मला ते दिवस फार आवडत.

त्या वर्षी गाठीचे पैसे म्हणजे आईला हव्या असलेल्या घरासाठी साठवलेले पैसे होते. भाड्याची घरं बदलून ती कंटाळली होती. गावाबाहेर एक जागा तिनं पाहून ठेवली होती, आणि मालक होळीपर्यंत थांबायला तयार होता.

संक्रांतीला भाव छान चढला. जागा येऊन वर काही उरलं असतं. पण वडिलांनी ओट्यावर बसून साऱ्या आळीला आधीच सांगून टाकलं होतं, की अमुक भावाखाली मी बोंडभरही विकणार नाही. रोज कोणीतरी खोडी काढी, "काय वकीलसाहेब, आला का तुमचा भाव?" वडील म्हणत, "चढीन भाव, अजून चढीन." अकोल्याच्या बाजाराच्या खबरा तर ते अशा सांगत, जणू तो बाजार त्यांचाच पक्षकार.

मग भाव उतरला. उन्हं तापली, कापूस वाळून हलका झाला, पिवळा पडला. विकला तेव्हा मुद्दलही सुटलं नाही. जागा दुसऱ्यानं घेतली. त्या उन्हाळ्यात रिकामी बैठक झाडताना आई फडा फार जोरात आपटायची.

पुन्हा पैसे जमायला काही वर्षं गेली, आईनं दुसरी जागाही पाहून ठेवली. वडिलांचं मन पुन्हा कापसाकडेच. मला वाटलं, आई आता आडवी येणार.

"घ्या कापूस," ती म्हणाली. "पन भाव कोनाले सांगाचा नाही. मांगच्या वक्ती आपल्याले कापसानं नाही बुडवलं. भाव आला होता ना? पन तुमी ओट्यावर बोलून बसले होते, मंग खाली उतराची लाज वाटली."

कोर्टात कोणाचं ऐकून न घेणाऱ्या माणसानं ते मुकाट ऐकून घेतलं. त्या हंगामात कोणी भावाचा विषय काढला, की वडील थंडीवर बोलू लागत. आम्हाला हसू आवरत नसे. जागेपुरता भाव येताच त्यांनी गाड्या भरल्या आणि सगळा कापूस विकून टाकला.

आणि भाव चढतच गेला.

जागेची खरेदी झाली, तेव्हा आम्ही सगळे ती पाहायला गेलो. शेजारचे काका सोबत होते. त्यांच्यानं राहवलं नाही. "वकीलसाहेब, पंधरा दिवस थांबले असते तं?"

आईचा चेहरा उतरला. आता वडील हिशेब मांडत बसणार आणि आजचा दिवस नासणार, असं मला वाटलं.

"थांबून पाह्यलं हाय ना मी," वडील हसून म्हणाले आणि आईकडे वळले. "चूल कुठी पायजे तुले, सांग."

आईनं क्षणभरही विचार केला नाही. पदर खोचला आणि काळ्या ढेकळांतून सरळ चालत जाऊन एका कोपऱ्यात उभी राहिली.