कोल्हापूरला भांडत पळताना

नाशिकहून निघाले तेव्हा पिशवीत पळायचे बूट होते आणि डोक्यात लेकीची अट. "आई, मागच्या शर्यतीतून तुला रुग्णवाहिकेतून आणलं. या वेळी एकवीस किलोमीटर स्वतःच्या पायांनी पूर्ण कर, नाहीतर पळणं बंद." कार्टीचं खरं होतं. मागे मी सुरुवातीलाच जीव उधळून बसले होते. या वयात पळणं सोडलं तर मी पुन्हा बूट घालणार नाही, हेही मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून या खेपेला एकच नियम धरला: पळताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की वेग कमी.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझी मैत्रीण सुनंदा राहते. तिच्या नवऱ्याने, बापूंनी, दारातच पिशवी हिसकावून घेतली. संध्याकाळी ताट आलं ते तांबड्या-पांढऱ्या रश्शाचं.

"उद्या पळायचंय, मला आपला वरणभात द्या," मी म्हटलं.

"वरणभात? आजारी हाय काय कोण?" बापूंचा चेहरा पडला.

सुनंदाने कुकर लावला. पण पांढऱ्या रश्शाचा वास काही सोडवेना. खोटं कशाला बोलू, दोन वाट्या प्यायलेच.

पहाटे धुकं होतं. शिट्टी वाजली आणि सगळे सुसाट सुटले. माझेही पाय शिवशिवत होते, पण मी आवरलं. गाव संपून उसाचे फड लागले तेव्हा मागून स्कूटर आली. बापू!

"ताई, समदी फुडं गेली की! आमची पावणी (पाहुणी) मागं पडत्या व्हय?"

"पडू दे! मला पोचायचंय, उडायचं नाही!"

"आवं, ती म्हातारीबी फुडं गेली!"

"जाऊ दे तिला! तुम्ही घरी जा बघू!"

जातात कसले! थोड्या वेळाने तांब्या घेऊन हजर. कट्ट्यावर (म्हशी उभ्या करून समोर दूध पिळून देतात ती जागा) जाऊन आले होते. "आत्ता धार काढल्यालं हाय. प्या, ताकद येत्या."

"पोटात घुसळून लोणी होईल! शेवटी पिते. आणि मी ओरडतेय तोवर वेग बरोबर आहे, समजलं?"

बापूंनी तांब्या स्कूटरला अडकवला, पण हलले नाहीत. मग वाटभर आमचं रश्शावरून, नाशिकच्या मिसळीवरून भांडण चाललं. मागच्या शर्यतीत मी जिथे कोसळले होते तेवढं अंतर कधी मागे पडलं, कळलंच नाही.

शेवटची कमान दिसली आणि माझी अक्कल गेली. मी सुसाट सुटले. बापूंनी काहीतरी विचारलं, मला उत्तर देता येईना.

"ताई बोलंना झाल्या!" ते केवढ्यांदा ओरडले. "दमानं! आवं, दमानं की!"

सकाळपासून जोरात पळा म्हणणारा माणूस हा! मला हसू फुटलं, वेग उतरला, श्वास परत आला. कमानीखालून मी माझ्या पायांनी गेले. लेकीचा फोन आला आणि मला रडूच फुटलं. बापूंनी फोन ओढून घेतला.

"बोलत न्हाईत, रडाय लागल्यात. पण उभ्या हाईत की!"

मग ते दूध मी तांब्याने गटागटा प्यायले.

परतीच्या बसमध्ये पाय आखडले होते आणि घसा बसला होता. मन मात्र हलकं झालं होतं. इतकी वर्षं मी एकटीच पळत आले, तेच चुकत होतं. घरी पोचल्यावर लेकीला सांगितलं, "बूट माझ्याकडेच राहतील. आणि उद्या पहाटे गाडी काढून माझ्याबरोबर चल. भांडायला कुणीतरी हवं."