पुसणाऱ्याचं नाव

दवाखान्याच्या नोंदणी विभागात आम्ही सगळे त्यांना हजेरीमामा म्हणायचो. कॉम्प्युटरचं सगळं तेच बघायचे. कोण किती वाजता लॉगिन झालं, कुणी पासवर्ड चुकवला, कुणी काय उडवलं, हे मशीन गुपचूप लिहून ठेवायचं आणि मामा रोज सकाळी चष्मा लावून ते वाचायचे. माझं त्यांच्याशी कधी पटलं नाही. मी खुर्चीतून उठले रे उठले की मागून आवाज यायचाच, "अगं, स्क्रीन लॉक केलीस का?"

मी म्हणायचे, "मामा, पाणी प्यायला चाललेय, परदेशी नाही!"

मी कामाला लागले तेव्हा त्यांनीच शिकवलं होतं. "कोणी काय केलं ही मशीनमधली नोंद पुसतासुद्धा येते. पण पुसली की मशीन कोऱ्या पानावर पहिली ओळ लिहितं, कोणी पुसली ती." मी तेव्हा जांभई दिली होती.

नोकरी कायम व्हायला आठ दिवस राहिले होते. नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला, घर माझ्या एकटीच्या पगारावर. त्या दुपारी त्याच्याशीच फोनवर तणतणत होते, आणि त्या नादात जुना फोल्डर उडवायचा सोडून त्या दिवसाचाच उडवून बसले. साठ पेशंटांची नावनोंदणी गेली. माणसं पुन्हा रांगेत उभी राहिली, एक म्हातारी तर रडायलाच लागली.

मोठे साहेब कडाडले, "कोणी उडवलं ते चार वाजता मला दाखवा. जो असेल त्याला या विभागात ठेवणार नाही!"

मी मामांपुढे जाऊन उभी राहिले.

"वाचलंय मी," ते म्हणाले. "जा, जागेवर बस."

चार वाजता साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. स्क्रीनवर मशीनच्या नोंदीचं पान कोरं होतं, वर एकच ओळ: नोंद पुसली, तीन वाजून दहा मिनिटं, आणि पुढे मामांचं नाव.

"म्हणजे तुम्ही? एकवीस वर्षांनंतर?"

"मशीन खोटं लिहीत नाही, साहेब."

मी मान खाली घालून उभी होते. एक अक्षर बोलले नाही. त्याची आजही लाज वाटते.

मामांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. त्यांना तळमजल्यावरच्या गोदामात टाकलं.

कायमची ऑर्डर हातात पडली त्याच दिवशी मी खाली गेले. मामा चादरींच्या गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते.

"मामा, मी साहेबांना सगळं सांगून टाकते."

"काय सांगशील? नोंदीत माझं नाव आहे. तुझं कुठंय?"

मला रडू आवरेना. त्यांनी हातातली चिठ्ठी अंगठ्यानं नीट दाबली आणि मग माझ्याकडे बघितलं.

"स्क्रीन लॉक करून आलीस का?"

नव्हती केली. मी डोळे पुसत जिन्याकडे धावले.