रसायनशास्त्राला अर्धा इंच माया

टेलरबाईंच्या हातात कात्री आली की समोर कापड आहे की आणखी काही, हे त्या बघत नाहीत, असं त्यांच्या नणंदेचं मत आहे. हे मत रसायनशास्त्राच्या पुस्तकापासूनचं.

बाईंनी वीस वर्षं इस्पितळाचे गणवेश शिवले. तपासणीच्या प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या कोटांची मापं घेता घेता एक दिवस त्यांच्या मनात आलं, आपणही हा कोट घालावा. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी सांगितलं की रसायनशास्त्राचा विषय पास झालात तर मदतनीस म्हणून घेऊ. बाईंनी संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं. त्यांच्यावर नजर ठेवायला म्हणून नणंदेनंही घातलं. पहिल्याच दिवशी त्यांच्या बाकावर एक बसचालक येऊन बसला, तो तिथलाच झाला.

फी तिघांनाही जमली. अडलं ते पुस्तकाशी. विषयाच्या फीपेक्षा पुस्तक महाग निघालं. वापरलेलं घ्यावं तर नुकतीच नवी आवृत्ती आलेली, प्रकरणं पुढची मागे आणि मागची पुढे.

"तिघांत एक घेऊ," बसचालक म्हणाला.

"आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी ते कुणाच्या उशाशी?" नणंदेनं विचारलं.

"कापून टाकू," टेलरबाई म्हणाल्या. "तीन भाग. आठवड्याला अदलाबदल."

"वहिनी, तो काय परकर आहे?"

पण दुसरा उपाय कुणालाच सुचला नाही. बाईंनी पुस्तकाची पाठ सोलून काढली, प्रकरणांच्या हद्दी बघून तीन भाग केले आणि दाभणानं जाड दोरा ओवून शिवले. गणवेशांच्या उरलेल्या कापडाची कव्हरं घातली: निळं, हिरवं, करडं. शिवताना हात सवयीनं चालला. कपडा पुढे सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत जास्तीचं कापड दाबून ठेवतात, त्याला माया म्हणतात. बाईंनी पुस्तकालाही अर्धा इंच माया ठेवली. पानांच्या आतल्या कडेला तेवढी कोरी जागा नव्हती, त्यामुळे उजव्या पानांवरच्या काही ओळींचं पहिलं अक्षर शिवणीत गेलं. तिघं ते अंदाजानं वाचत. शब्दाचं डोकं उडालं तर लगेच कळतं. आकड्याचं कळत नाही.

सत्राच्या मध्यावर सरांनी पुस्तकातलं एक गणित घरून सोडवून आणायला सांगितलं. वह्या तपासून झाल्यावर त्यांनी तिघांना कॉलेजच्या प्रयोगशाळेत बोलावलं. ते नळाखाली काचेची भांडी विसळत होते.

"अख्ख्या वर्गात हे उत्तर फक्त तुम्हा तिघांचं आहे. आणि ते चूक आहे. कुणी कुणाचं पाहिलं?"

"कुणीच नाही, सर," बसचालक म्हणाला.

"म्हणजे तिघांना एकदम साक्षात्कार झाला?"

"आमचं पुस्तक एकच आहे ना," नणंद म्हणाली.

"ते सगळ्या वर्गाचं एकच आहे."

"तसं नाही, सर. आमचं खरोखरच एक आहे."

सरांना काही उलगडा झाला नाही. त्यांनी कॉलेजचा नियम सांगितला: नक्कल केली तर विषयात नापास. बाईंच्या डोळ्यांसमोरून पांढरा कोट लांब लांब जायला लागला. त्यांनी पिशवीतून करड्या कव्हरचा भाग काढला आणि टेबलावर ठेवला.

सरांनी तो उलटसुलट केला. "याला खिसाही आहे का?"

"शेवटच्या पानाला आहे. पेन्सिलीसाठी."

सरांनी आपली प्रत उघडली, गणित काढलं. दोन्ही पानं शेजारी ठेवली. "इथे सव्वाशे ग्रॅम आहे."

"आमच्यात पंचवीस आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांची नजर शिवणीवर गेली. मग त्यांनी पिशवीतून टाके उसवायचं छोटं पातं काढलं आणि भराभर दोरा उसवला. पान सपाट पडलं. ओळीच्या सुरुवातीला एक हा आकडा होता. त्याच्या बरोबर मधोमध दाभणाचं भोक.

"हा माझा टाका," बाई म्हणाल्या. "यात या दोघांचा काही दोष नाही."

सरांनी कागद ओढला आणि पंचवीस धरून गणित पुन्हा केलं. उत्तर तिघांनी आणलं होतं तेच आलं. ते हसले. "रीत बरोबर आहे. मार्क देतो. पण एवढं चांगलं पुस्तक कापलंत कशाला?"

नणंदेनं किंमत सांगितली. सरांनी ती पुन्हा विचारली. मग आपली प्रत उलटून मागे बघितलं. तिथे किंमत नव्हती, शिक्का होता: शिक्षकांसाठी विनामूल्य.

"मला दर वर्षी फुकट येतं," ते म्हणाले. "किंमत बघायची वेळच आली नाही."

"बसमध्ये मलाही तिकीट लागत नाही," बसचालक समजुतीच्या सुरात म्हणाला.

त्याच आठवड्यात सरांची प्रत ग्रंथालयात गेली, तिथेच बसून वाचायच्या पुस्तकांच्या फळीवर. सुट्टीत त्यांनी स्वतःच्या टिपणांचं पुस्तक करायला घेतलं. ते कॉलेजातच छापायचं आणि मुलांनी फक्त कागदाचा खर्च द्यायचा, असं ठरलं.

बाई पास झाल्या. हल्ली सकाळी त्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत असतात, संध्याकाळी मशीनवर. त्यांचा कोट त्यांनीच शिवलाय. खांद्यात थोडा ओढतो, पण ते नणंदेखेरीज कुणी बोलून दाखवत नाही.

नवं सत्र सुरू व्हायच्या आधी सर टिपणांची चळत घेऊन बाईंच्या शिवणाच्या दुकानात आले.

"छापायच्या आधी विचारतो. आतल्या बाजूला किती जागा सोडू?"

बाईंनी गळ्यातली टेप काढली आणि पानाच्या कडेला लावली. "दीड इंच."

"एवढी कशाला?"

"पुढच्या वर्षी पानं वाढतील. जाड पुस्तक नीट उघडायला जागा हवी."

"वाढतीलच असं काही नाही."

"वाढतील, सर," टेप गुंडाळत बाई म्हणाल्या. "वर्गात तुम्हाला ऐकलंय मी."